फलक विझला तेव्हा

इंग्लंडमधल्या नाट्यगृहांत कर्णबधिर प्रेक्षकांसाठी संवाद फलकावर दाखवण्याचे काम मी करतो. लोकांना हे टंकलेखनाचे काम वाटते, पण प्रयोगाच्या वेळी मी एकही अक्षर टंकत नाही. संहिता आधी मागवून तिच्या ओळी मी नटाच्या श्वासाप्रमाणे तोडून ठेवलेल्या असतात. प्रयोगात मागच्या केबिनमध्ये बसून त्याच्या तोंडून शब्द निघेल त्या क्षणी कळ दाबायची, की रंगमंचाच्या कडेला उभ्या केलेल्या तीन ओळींच्या एलईडी फलकावर पुढची ओळ सरकते. ओळ लवकर गेली तर विनोद नटाच्या आधी फलकच सांगून मोकळा होतो. उशिरा गेली तर कर्णबधिर प्रेक्षक सगळ्यांच्या मागाहून हसतात, आणि ते मागाहून आलेले हसू मला घरी जाईपर्यंत छळते.

त्या आठवड्यात 'टॉमी' हे संगीत नाटक होते. ते ज्यावरून झाले तो, 'द हू' या ब्रिटिश बँडचा, मुख्यतः पीट टाउनझेंड यांनी रचलेला डबल अल्बम १९६९ साली आला. युद्धावरून परतलेला बाप आईच्या प्रियकराला ठार करतो आणि लहान टॉमी ते आरशात पाहतो. तू काही पाहिले नाहीस, काही ऐकले नाहीस, कोणाला काही सांगणार नाहीस, असे आईबाप त्याच्यावर बिंबवतात आणि तो खरोखरच आंधळा, बहिरा, मुका होतो. पुढे हाच मुलगा पिनबॉलचा अजिंक्य खेळाडू आणि मग भक्तांच्या झुंडीचा गुरू बनतो. १९७५ च्या चित्रपटात केन रसेल यांनी खून उलटा फिरवला, तिथे प्रियकरच बापाला मारतो. १९९३ च्या ब्रॉडवे प्रयोगात डेस मॅकनफ यांनी तो पुन्हा सुलटा केला आणि शेवट मात्र कुटुंबाच्या दिलजमाईकडे वळवला. गाण्यांचे शब्द आणि क्रमही तिन्ही रूपांत वेगवेगळे आहेत. नाट्यगृहाच्या कार्यालयातून मला 'संहिता' म्हणून जे आले, ती कोणीतरी नेटवरून उतरवलेली मूळ अल्बमची गीते होती. खरी संहिता हाती यायला चार दिवस गेले. असे दरवर्षी कुठे ना कुठे होते, कारण आमचे काम हे प्रयोगाचा भाग नसून अपंगांसाठीच्या उतारासारखी कायद्याने करावी लागणारी सोय आहे, असेच बहुतेक कार्यालयांना वाटते.

सर्वांत जास्त वेळ मी ओव्हर्चरवर, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर घालवला. तिथे शब्द जवळपास नाहीतच, पण रंगमंचावर लग्न, युद्ध, विमानातून उड्या असे सगळे घडून जाते आणि पुढच्या गाण्यांच्या धुना एकामागून एक कानावर पडतात. फलकावर नुसते 'संगीत' असे लिहिणे हा आमच्या धंद्यातला आळस आहे. मी गिटारचे तडाखे कुठे सुरू होतात, हॉर्न कुठे शिरतो, हे लिहिले. पुढे येणाऱ्या गाण्याचे नाव आधी फोडायचे नाही हा नियम असल्यामुळे तासाभराने एखादी धून परत आली की तिथे 'ओव्हर्चरमधली धून' एवढेच टाकले. ऐकणाऱ्याला ओळखीचा जो आनंद फुकट मिळतो तो वाचणाऱ्यालाही मिळावा, म्हणून ही खटपट. ती ज्यांनी पाहिली त्यांतल्या कोणी अजून तिचा उल्लेख केलेला नाही, हेही सांगून टाकतो.

गुरुवारी रात्री ओव्हर्चर अगदी तालात गेला. खून झाला. आईबाप चार वर्षांच्या टॉमीवर वाकले आणि फलक विझला. केबिनमधल्या लॅपटॉपवर ओळी सरकत होत्या, फलकावर काळोख होता. अशा वेळी दाबत राहायचे असते, नाहीतर फलक परत आला तरी आपण कुठे आहोत ते सापडत नाही. मी दाबत राहिलो. तू ऐकले नाहीस, तू पाहिले नाहीस, या ओळी एकेक करून कोणालाही न दिसता निघून गेल्या. सुमारे ४० सेकंदांनी फलक उजळला तेव्हा पुढचे गाणे लागले होते. विंगेतल्या एका चाकाच्या पेटीखाली केबल सापडली होती. ती चिकटपट्टीने जमिनीला बसवून घ्यायची जबाबदारी माझी होती आणि मी ती त्या संध्याकाळी दुसऱ्याच्या भरवशावर सोडली होती.

प्रयोगानंतर बारमध्ये दोन प्रेक्षक माझ्यापर्यंत आले. एक सत्तरीचे गृहस्थ, नेहमीचे. त्यांनी फोनवर लिहून दाखवले की फलक विझवण्याची कल्पना विलक्षण होती, त्या क्षणी आपण स्वतःच टॉमी झालो. मी काही बोललो नाही. नंतर एक तरुण मुलगी आली, जन्मापासून कर्णबधिर. तिने विचारले की त्या मुलाला झाले काय? बंदुकीच्या आवाजाने बहिरा झाला का? ती रागावली होती. मी माफी मागितली आणि खरे कारण सांगितले.

दोघांची मते इतकी वेगळी का, हे मला घरी जाताना कळले. गृहस्थांना ऐकू येणे उतारवयात गेले. अल्बम त्यांनी तरुणपणी झिजेस्तोवर ऐकला होता आणि विझलेल्या फलकावरचे शब्द त्यांना पाठ होते. मुलीला ते कधी मिळालेच नव्हते. टॉमी जन्मतः तसा नाही, त्याला तसे करण्यात आले, हे सांगणारे सगळे शब्द त्या ४० सेकंदांत होते.

शुक्रवारी सकाळी दिग्दर्शकांचा फोन आला. गृहस्थांनी त्यांनाही कळवले होते. शनिवारच्या मॅटिनीला फलक तिथेच मुद्दाम विझवता येईल का, असे त्यांनी विचारले. मी नकार दिला तेव्हा त्यांनी मला मेहेरबाबा ऐकवले. टाउनझेंड बाबांचे भक्त, अल्बमवर 'अवतार' म्हणून बाबांचे नाव छापलेले, आणि बाबा तर मौनी. तेव्हा मौन हेच या कलाकृतीचे मर्म आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मी नगरचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. बाबांची समाधी असलेल्या अरणगावला आजोबांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून मी लहानपणी किती वेळा गेलो आहे. बाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी, अल्बम निघण्याच्या चार महिने आधी, देह ठेवला तोवर सोडले नाही, हे खरे. पण कित्येक वर्षे ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवत आणि शेजारी बसलेला कोणी ते शब्द मोठ्याने वाचून दाखवत असे. मौन बाबांनी स्वतः धरले होते आणि त्यांचे म्हणणे समोरच्यापर्यंत पोहोचवायला नेहमी कोणीतरी बसलेले होते. टॉमीला गप्प बसवले गेले. या दोन गोष्टी एकच मानणे फक्त ऐकू येणाऱ्याला परवडते, असे मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितले. २०१७ साली 'रॅम्प्स ऑन द मून' या उपक्रमात हेच नाटक कर्णबधिर आणि अपंग नटांसह झाले होते. ती मंडळी तालमीत असती तर असा प्रश्न माझ्यासारख्या केबिनमधल्या माणसापर्यंत आलाच नसता, हेही सांगितले.

शनिवारी केबल मी स्वतः, गुडघ्यांवर बसून, टोकापासून टोकापर्यंत चिकटवली. सगळ्या ओळी वेळेवर गेल्या.

तरीही गृहस्थांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांना ४० सेकंदांत जे मिळाले ते माझ्या महिनाभराच्या तयारीतून मिळाले नव्हते, आणि माझ्या नकारात तत्त्व किती आणि मान दुखावल्याचा राग किती, हे मला नीट वेगळे करता आलेले नाही. बिघाडाच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'केबल दबली' असे मी लगेच लिहिले. खालच्या, 'प्रेक्षकांवर झालेला परिणाम' या रकान्यात एकच ओळ मावते. तो फॉर्म अजून माझ्या बॅगेत आहे.