निम्मी सॉकेट्स आपोआप बंद होतात तेव्हा

अमेरिकेतील व्यावसायिक इमारतींचे विद्युत आराखडे करताना मला सर्वाधिक वेळा समर्थन करावे लागते ते एकाच नियमाचे: कार्यालयातील निदान निम्मी सॉकेट्स आपोआप बंद झाली पाहिजेत. ॲशरे या अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेच्या ९०.१ या इमारतींच्या ऊर्जाविषयक मानकात ही अट २०१० साली आली. १२५ व्होल्टच्या, १५ आणि २० अँपिअरच्या सॉकेट्सना ती लागू होते, आणि २०१३ च्या आवृत्तीत बैठकीच्या खोल्या, छपाईच्या खोल्या व वर्गखोल्याही तिच्या कक्षेत आल्या. सॉकेट ठरलेल्या वेळेनुसार बंद व्हावे किंवा सर्व माणसे निघून गेल्यावर २० मिनिटांच्या आत सेन्सरने ते बंद करावे. मात्र भिंतीत खोचायचा सुटा टायमर यासाठी चालत नाही. चोवीस तास चालू राहावी लागणारी उपकरणे यातून वगळलेली आहेत.

हा नियम मला मनापासून पटतो. दिवे एलईडी झाले, त्यांचा वापर घटला, आणि मॉनिटर, छपाईयंत्रे व टेबलदिवे रिकाम्या कार्यालयात रात्रभर ओढत असलेली वीज ठळक दिसू लागली.

परंतु नियमाचे यश टेबलाखाली ठरते. एका कार्यालयात मी पाहिले की संगणक नियंत्रित, म्हणजे आपोआप बंद होणाऱ्या, सॉकेटला जोडला गेला, संध्याकाळी ते सॉकेट बंद झाले आणि कुणाचे तरी जतन न केलेले काम वाया गेले. पुढच्या भेटीत तिथे अनियंत्रित सॉकेटमधून निघालेली एकच एक्स्टेन्शनची पट्टी होती, तिच्यावर सगळी उपकरणे होती आणि शेजारचे नियंत्रित सॉकेट मोकळे होते. कागदोपत्री नियम पाळलेला आणि बचत शून्य!

म्हणूनच मला टक्केवारीइतकेच महत्त्व सॉकेटच्या जागेला आणि खुणेला द्यावेसे वाटते. कॅलिफोर्नियाच्या टायटल २४ या इमारत नियमावलीने २०१३ च्या आवृत्तीत प्रत्येक अनियंत्रित सॉकेटपासून ६ फुटांच्या आत नियंत्रित सॉकेट मागितले किंवा जोडसॉकेटचा (एकाच चौकटीतील दोन सॉकेट्सचा) एक भाग नियंत्रित ठेवण्याची मुभा दिली, तर आंतरराष्ट्रीय ऊर्जा संवर्धन संहितेने २०२१ मध्ये ते अंतर १२ इंचांवर आणले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने २०१४ मध्ये नियंत्रित सॉकेटवर खुणेची सक्ती केली आणि २०१७ मध्ये तिच्या जोडीला ‘कंट्रोल्ड’ हा शब्दही आवश्यक ठरवला. मी स्वतः जोडसॉकेटचा वरचा भाग नियंत्रित ठेवतो, आणि ही खूण टेबल सरकवल्यावरही वाचता येते का, हे जागेवर वाकून पाहतो.