फाइल पूर्ण पोहोचते, पण चुकीची: नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचा माग

दोन लिनक्स मशीन, मध्ये गिगाबिट स्विच. मोठ्या फाइलचा आकार दोन्हीकडे बाइटगणिक सारखा, पण एसएचए-२५६ (मजकुरावरून काढलेला ठसा) वेगळा. एसएसएचवरून (सुरक्षित जोडणीवरून) पाठवलं की ‘करप्टेड मॅक ऑन इनपुट’ म्हणून, म्हणजे डेटाची खातरजमा करणारा कोड जुळला नाही म्हणून, कनेक्शन तुटायचं.

केबलवर संशय जातो, पण खराब केबलची लक्षणं वेगळी असतात. प्रत्येक इथरनेट फ्रेमला (तारेवरच्या डेटाच्या तुकड्याला) ३२ बिटांचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, असतो. तो चुकला की कार्ड फ्रेम फेकून देतं आणि टीसीपी (डेटा पूर्ण व क्रमाने पोहोचवणारा प्रोटोकॉल) हरवलेला डेटा पुन्हा मागवतो. म्हणजे वेग पडतो, मजकूर बिघडत नाही. ईथटूल या नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या आज्ञेच्या आकडेवारीत सीआरसी एरर शून्य होत्या, म्हणून केबल बाजूला ठेवली. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, तोही स्वच्छ.

मग डिस्क वगळली: नेटकॅटने (नेटवर्कवरून कच्चा डेटा पाठवणाऱ्या आज्ञेने) येणारा प्रवाह फाइलमध्ये न लिहिता थेट एसएचए-२५६ला दिला. तरी फरक आलाच.

इथे रँडम डेटापेक्षा क्रमांकांची फाइल कितीतरी उपयोगी पडते. ‘सेक’ या क्रमांक छापणाऱ्या आज्ञेने १५ अंकी, पुढे शून्यं भरलेले ६,७१,०८,८६४ क्रमांक लिहिले. नवी ओळ धरून प्रत्येक ओळ १६ बाइटांची, फाइल बरोबर १ जीबी (१,०७,३७,४१,८२४ बाइट). पोहोचलेल्या फाइलमध्ये कोणता तुकडा मुळात कुठला, हे क्रमांकच सांगतात. मी फाइलींची तुलना करणाऱ्या ‘सीएमपी’ने दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. बिघाड एकेका बिटाचा नव्हता, सलग पट्ट्यांचा होता. पट्टीच्या कडेला ओळी तुटलेल्या, पण आतले क्रमांक वाचता येत होते आणि ते फाइलच्या आधीच्या भागातले होते. म्हणजे नवा डेटा मेमरीत उतरण्याआधीच बफर (येणाऱ्या डेटासाठी राखलेली जागा) वाचला जात होता, आणि हाती जुन्या पॅकेटातला मजकूर लागत होता.

टीसीपी चेकसमने (प्रत्येक पॅकेटासोबत येणाऱ्या तपासणीच्या बेरजेने) हे का पकडलं नाही? कारण तपासणी कार्डावर होते. कार्डाने ‘बरोबर’ म्हटलं की कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर त्यातच असतो) पुन्हा मोजत नाही, आणि कार्ड ते रॅम या टप्प्याला राखणदार उरत नाही. म्हणून निर्णायक चाचणी ही: घेणाऱ्या मशीनवर ईथटूलच्या मोठ्या ‘के’ पर्यायाने आरएक्स चेकसम ऑफलोड, म्हणजे येणाऱ्या पॅकेटांची तपासणी कार्डावर सोपवणं, बंद केला. लगेच फाइल बरोबर येऊ लागली आणि नेटवर्कचे आकडे दाखवणाऱ्या ‘एनस्टॅट’मध्ये टीसीपीच्या चेकसम चुकांचा आकडा वाढू लागला. (पाठवणाऱ्या मशीनवर टीसीपीडंप हा पॅकेटं टिपणारा प्रोग्राम ‘इनकरेक्ट’ चेकसम दाखवतो, त्याला भुलू नये. ऑफलोड चालू असताना चेकसम कार्डात भरला जातो, टीसीपीडंप त्याआधीची प्रत पाहतो.)

ऑफलोड बंद ठेवण्याचा हा उपाय कायमचा धरू नये. टीसीपीचा चेकसम १६ बिटांचाच आहे, आणि १६ बिटांच्या शब्दांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते.

कार्ड की ड्रायव्हर, एवढंच उरलं. ऑफलोड पुन्हा चालू केला, नाहीतर पुढच्या चाचण्या फसव्या ठरतात. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं, फरक नाही. तेच कार्ड जुन्या कर्नलवर, म्हणजे जुन्या ड्रायव्हरवर चालवलं, तर फाइल पाठवण्याच्या २० फेऱ्या स्वच्छ. नव्या कर्नलवर परतताच तिसऱ्या फेरीत बिघाड. जुना कर्नल आपोआप बदलू नये म्हणून पॅकेज मॅनेजरमध्ये ‘होल्ड’ केला. ‘ईथटूल’मधलं ड्रायव्हर व फर्मवेअरचं व्हर्जन, दोन्ही कर्नलांची नावं आणि क्रमांकांची तुटलेली पट्टी जोडून ड्रायव्हरच्या देखभालकर्त्यांना बग कळवला. बिघाडाच्या काळात त्या मशीनवर आलेल्या सगळ्या फाइली मूळ प्रतींशी पुन्हा ताडून घेतल्या.