एका भिंतीचं वर्ष

ऋतू बदलला हे मला खिडकीबाहेर बघण्याआधी कागदावरून कळतं. वॉश, म्हणजे भरपूर पाण्यातल्या रंगाचा पातळ थर, किती वेळ ओला राहतो, बोर्डावर ताणलेला कागद टणक होतो की सैलच राहतो, पॅलेटमधला रंग रात्रीतून सुकतो की सकाळीही बोटाला चिकटतो, यावरून हवेचा अंदाज येतो. जलरंगात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे थोडंफार माहीत असतं. मला ते अंगात भिनल्यासारखं कळलं ते एका मालिकेमुळे. माझ्या स्टुडिओच्या खिडकीसमोर एक जुनी, गिलावा उडालेली भिंत आहे आणि बाजूच्या झाडाची सावली तिच्यावर पडते. वर्षभर हीच भिंत रंगवायची आणि वर्ष संपताना त्या चित्रांचं एकल प्रदर्शन करायचं, असं मी ठरवलं. पोटापाण्याची कामं, म्हणजे मागणीची व्यक्तिचित्रं आणि शिकवण्या, सोबत चालूच राहणार होती.

भिंतच का, हे मला अनेकांनी विचारलं. निसर्गचित्र करताना आपण जागा बदलतो तेव्हा नवेपणाचं श्रेय जागेला जातं. जागा तीच ठेवली की उरतो तो उजेड आणि हवा. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंज्या रंगवल्या त्या याच हट्टाने. उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्यापर्यंत त्याच गंज्या, आणि उजेड सरकला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून त्या घटकेचा दुसरा घ्यायचा. ती चित्रं मी विद्यार्थी असताना छापील पानांवर पाहिली होती आणि तेव्हा मला ती रंगाची कसरत वाटली होती. भिंत रंगवायला घेतल्यावर लक्षात आलं की ही आधी वेळापत्रकाची गोष्ट आहे.

सुरुवात पावसाळ्यात झाली. खरं तर जलरंगवाले पावसाळ्यात हात आखडता घेतात. हवा दमट असली की ताणलेला कागद नीट सुकत नाही, दुसरा थर द्यायला तासन्‌तास थांबावं लागतं, आणि कडेला साचलेलं पाणी अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये परत शिरून नको तिथे डाग फुलवतं. पण भिंत त्याच दिवसांत सगळ्यात जिवंत असते. ओला पृष्ठभाग कोरड्यापेक्षा गडद आणि रसरशीत दिसतो, शेवाळ फुगतं, उडालेल्या गिलाव्याखालची वीट लालबुंद होते. ऊन नसल्याने सावल्याच नसतात. चित्र उभं करायला फक्त रंग आणि कडा एवढंच हाताशी उरतं.

त्या काळातली एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण पुढच्या सगळ्या कामाला तिनेच दिशा दिली. भिंतीच्या राखाडी भागासाठी मी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र करते. हे मिश्रण जुनं आणि सगळ्यांच्या वापरातलं आहे. अल्ट्रामरीनचे कण पाण्यात एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात. एका सकाळी बाहेर संततधार होती आणि मी रफ, म्हणजे खरबरीत पृष्ठभागाच्या, कागदावर या मिश्रणाचा मोठा, भरपूर पाण्याचा वॉश दिला. बोर्ड आडवाच ठेवला आणि शेजारी बसून राहिले. बराच वेळ काहीच घडत नव्हतं, नुसती चमकती ओली राखाडी. मग हळूहळू निळा खाली बसायला लागला आणि सिएना त्याच्यापासून सुटी होऊन उंचवट्यांवर राहिली. कागदाच्या प्रत्येक खड्ड्यात निळा ठिपका, प्रत्येक उंचवट्यावर तांबूस झाक. चमक गेली तेव्हा समोर गिलावा होता, खरबरीत, ओल धरलेला, जुना. तो पोत मी ब्रशने काढलेला नव्हता. कणांना खाली बसायला वेळ मिळाला आणि तो वेळ दमट हवेने दिला होता. हेच मिश्रण कोरड्या हवेत भराभर वाळतं तेव्हा कण जिथल्या तिथे अडकतात आणि राखाडी सपाट राहते.

त्या दिवसापासून पावसाळी चित्रांसाठी हेअर ड्रायर बंद केला. त्याच्या गरम झोताने रंग ढकलला जातो आणि हा खेळ अर्ध्यावर मोडतो. एका वेळी तीन-चार कागद मांडून ठेवायचे, एक वाळतोय तोवर दुसऱ्याकडे वळायचं. जोरात वाळवण्याऐवजी फेऱ्या मारायच्या.

पावसाळ्यात कागद सांभाळणं हे वेगळंच काम होऊन बसतं. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशीला आयतं फावतं, आणि जलरंगाच्या कागदात तिला खायला पुष्कळ असतं. चांगल्या कागदाला जिलेटिनचं सायझिंग, म्हणजे रंग एकदम आत जिरू न देणारा लेप, असतो आणि रंगात डिंक. कागदाचे गठ्ठे भिंतीला न टेकवता, जमिनीपासून उंच, बंद खोक्यात सिलिका जेलसोबत ठेवले. जेलचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येतात. पॅलेट मात्र बंद करून ठेवायचं नाही. ओला रंग झाकला की दोन-तीन दिवसांत त्यावर पांढरी लव दिसते. माझ्याकडच्या जुन्या गठ्ठ्यातल्या काही कागदांचं सायझिंग ओलीने गेलेलं होतं. त्यांवर वॉश टाकला की रंग टीपकागदावर जिरावा तसा ठिपक्याठिपक्यांनी आत जात होता. ते कागद मी भिंतीच्या शेवाळासाठी वापरले. शेवाळाच्या कडा जितक्या सुंदर त्या कागदांवर उतरल्या तितक्या नव्या कोऱ्या कागदावर उतरल्या नाहीत.

हिवाळा आला तसं सगळं सोपं झालं. कागद ताणला की सकाळपर्यंत नगाऱ्यासारखा वाजतो, थरावर थर देता येतात, कडा हव्या तशा ठेवता येतात. सूर्य खाली असल्याने झाडाची सावली लांबट होऊन भिंतीवर आडवी पसरते आणि दिवसातला बराच वेळ तिथे राहते. पावसाळाभर रंगांत बुडालेली भिंत आता रेषांची झाली. सावलीत निळा का असतो हे विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आले आहे, की उन्हाचा थेट प्रकाश अडला तरी आकाशाचा प्रकाश तिथे पोचतोच. पण सावलीच्या कडेला निळा किती आणि मध्यावर किती, खालच्या बाजूला जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने तो कुठे जांभळट होतो, हे रोज त्याच जागी बसून बघितल्यावरच हाताला कळलं.

सावली सरकते, त्यामुळे मोनेची युक्ती मीही केली. सकाळचा एक कागद, दुपारच्या आधीचा एक, उन्हं कलतानाचा एक. ती घटका गेली की तो कागद उचलून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुढे न्यायचा. सगळ्यात जास्त संयम याला लागला. चित्र रंगात आलेलं असतं, हात चालत असतो, आणि उजेड निघून जातो. तरीही थांबायचं, कारण पुढे रंगवलं ते आठवणीतून आलेलं असतं आणि ते चित्रात वेगळं दिसतं.

मागणीची कामंही याच काळात सगळ्यात जास्त येतात. दिवस लहान आणि कामं दुप्पट. सकाळ फक्त भिंतीची, असं स्वतःला बजावलं आणि व्यक्तिचित्रं संध्याकाळी दिव्याखाली केली. त्यासाठी ५००० केल्विनचे, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे पांढरे, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० च्या वरचे दिवे लावून घेतले. साध्या पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला राखाडी सकाळी हिरवट निघतो, आणि त्वचेच्या रंगात तर तो फरक झाकता येत नाही. पैसे या कामांमधून येतात आणि त्यांच्यावरच भिंतीचं वर्ष चाललं, त्यामुळे त्यांना दुय्यम मानणं मला पटत नाही. किंबहुना माणसांच्या चेहऱ्यातल्या अर्ध्या छटा रोज संध्याकाळी मिसळल्याचा फायदा सकाळी भिंतीवर होत होता.

उन्हाळ्याने सगळी घडी विस्कटली. वॉशचा एक पट्टा ओढून ब्रश परत आणेपर्यंत आधीची कडा वाळलेली. मोठ्या सपाट भागावर पट्टेच पट्टे. उपाय जुनेच आहेत: कागद मागून पुढून भिजवून ओल्या कापडावर अंथरणं, ब्रश एकदम मोठा घेणं, रंग आधीच भरपूर कालवून ठेवणं, पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकणं आणि काम भल्या पहाटे सुरू करणं. ग्लिसरीन जपून घालावं लागतं, जास्त झालं तर थर कधीच पुरता वाळत नाही. आणि खिडकी उत्तरेची असूनही स्टुडिओत ऊन यायला लागलं. मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेकडे मावळतो, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तो उत्तरेच्या खिडकीतही तिरपा डोकावतो. टेबलावर ऊन असताना रंगाची गडदता जोखताच येत नाही. सगळं फिकं वाटतं आणि आपण गडद करत सुटतो. पातळ पांढरा पडदा लावून काम भागवलं.

भिंत या दिवसांत जवळजवळ नाहीशी होते. शेवाळ वाळून तपकिरी, चुरगळलेलं. वीट फिकी. डोळ्यांत जाणारा नुसता पांढरा झोत. आणि जलरंगात कागदापेक्षा पांढरं काही नसतं. पहिले काही दिवस मी त्या झोतासमोर हतबल होऊन बसले. मग भिंत सोडून तिच्या आजूबाजूचं रंगवायला घेतलं. वरचं आकाश उतरवलं, खालची जमीन गडद केली, झाडाचा बुंधा जवळजवळ काळा केला, आणि मधला कागद कोराच सोडला. त्या कोऱ्या जागेत एकच फिकट पिवळसर वॉश, तोही खालच्या तिसऱ्या भागात, जिथे जमिनीवरचं ऊन उसळून भिंतीवर येतं. मालिकेतलं माझं सर्वात आवडतं चित्र हेच आहे, आणि त्यात भिंतीला जेमतेम ब्रश लागला आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी शेवटी चित्र काढावंसंच वाटेना. वर्षभर एकच विषय, आणि डोकं रिकामं. त्या आठवड्यांत मी हाताची कामं केली. माउंट, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, कापले, रंगांचे तक्ते केले, आणि आधीपासून खिडकीला चिकटवून ठेवलेल्या उजेडाच्या चाचणीच्या पट्ट्या काढून बघितल्या. प्रत्येक रंगाची पट्टी, अर्धी झाकलेली, अर्धी उघडी. अॅलिझरिन क्रिमसन या गडद लाल रंगाची उघडी बाजू पातळ वॉशमध्ये उघडउघड फिकी झाली होती. हा रंग उजेडात टिकत नाही हे सगळे सांगतात, पण स्वतःच्या पट्टीवर बघितल्यावर तो माझ्या पेटीतून गेला आणि त्याच्या जागी क्विनाक्रिडोन हा टिकाऊ रंग आला. भिंतीवरच्या संध्याकाळच्या गुलाबी रंगासाठी हे महत्त्वाचं होतं. त्या गुलाबीला हातही लावायच्या आधी हे कळलं याचा मला आजही आनंद आहे, कारण तक्ते करता करताच ती संध्याकाळ रंगवायची इच्छा परत आली.

फ्रेम करून घ्यायचं काम पुढचा पाऊस लागायच्या आत उरकलं. कागदात ओल असताना फ्रेम बंद केली तर ती आतच राहते. काच चित्राला थेट टेकू नये म्हणून माउंट जाड घेतला आणि मागची बाजू टेपने बंद केली. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, वेळ, हवा आणि वॉश वाळायला लागलेला वेळ लिहिला. ही सवय मी इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलकडून उचलली. १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला त्याने आकाशाचे अभ्यास केले, तेव्हा तो त्यांच्या मागे वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहीत असे.

प्रदर्शनात चित्रं महिन्यांच्या क्रमाने लावायची असं डोक्यात होतं. जमिनीवर मांडून बघितली तेव्हा तो क्रम निर्जीव वाटला. शेवटी सगळ्यात ओल्या चित्रापासून सगळ्यात कोरड्यापर्यंत लावली. पावसाळ्याची दाणेदार राखाडी एका टोकाला आणि तो जवळजवळ कोरा कागद दुसऱ्या टोकाला. बघणारे बहुतेक जण मधल्या हिवाळी चित्रांपाशी थांबत, तिथे सावली आहे, झाड ओळखू येतं. काही मोजके लोक मात्र त्या राखाडीला नाक लावून उभे राहत आणि हा पोत कशाने काढला असं विचारत. तेव्हा मी त्यांना ती सकाळ सांगायचे, आणि सांगताना मला वेळेचं भान राहायचं नाही.

आता तीच भिंत तैलरंगात करते आहे. तिथे हवेचा हिशेब निराळा आहे, कारण जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कॅनव्हास ताणून तयार आहेत आणि खालचा पातळ थर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा दिला आहे, कारण त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर सुकतो. टायटॅनियम पांढरा फार सावकाश सुकतो, म्हणून तो वरच्या थरासाठी राखून ठेवला आहे. तेलाची फडकी मी चुरगाळून कोपऱ्यात टाकत नाही, पसरून वाळवते किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं गोळा होऊन पडलं की आतल्या आत तापतं आणि आपोआप पेटू शकतं. वार्निश द्यायला सहा महिने ते वर्ष थांबायचं असतं, त्यामुळे या चित्रांचं प्रदर्शन कधी ते अजून ठरवलेलं नाही.