शेवट राहिलाच

१८ मे, रात्रीचे सव्वाअकरा

काल रात्री कूलरची टाकी दोनदा भरली, तरी खोली तापलेलीच. झोप येईना म्हणून शेवटच्या धक्क्यासाठी गाजलेला ‘द सिक्स्थ सेन्स’ लावला. “काय पाहून राहिला रे?” म्हणत आई येऊन बसली. मग मधूनमधून मराठीत सांगत गेलो.

हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तोच शेवट माहीत असून. धरमपेठेत तर्री-पोहे खाता खाता मामेभावाने एका वाक्यात सांगून टाकला होता. त्याला अजून माफी नाही. पण फायदा एक झाला. कोण कुणाशी बोलतं, कोण नुसतंच समोर बसतं, लाल रंग नेमका कुठे येतो, हे सगळं दिसलं. दिग्दर्शक श्यामलन कुठेही खोटं बोलत नाही. आपणच नीट बघत नाही.

त्याचा जन्म पुदुच्चेरीतल्या माहेचा, १९७० सालचा. आईवडील दोघंही डॉक्टर, बालपण फिलाडेल्फियाजवळ. ६ ऑगस्ट १९९९ ला, २९व्या वाढदिवशी, हा सिनेमा आला. ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, हाती एकही लागलं नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. लोक तिकीट काढतानाच शेवट हुडकायला लागले. त्याचा ‘द व्हिलेज’ (२००४) मी तसाच पाहिला, दहाव्या मिनिटापासून हेरगिरी करत. अंदाज बरोबर आला आणि सिनेमा हातचा गेला. चूक त्याची की माझी? अर्धी-अर्धी म्हणू. ‘द लास्ट एअरबेंडर’ आणि ‘आफ्टर अर्थ’बद्दल न बोललेलंच बरं. मग या माणसाने घर गहाण टाकून सुमारे ५० लाख डॉलरमध्ये ‘द व्हिजिट’ (२०१५) केला. दोन पोरं आजी-आजोबांकडे राहायला जातात, एवढंच. आपल्याकडे घर गहाण पडतं ते पोरीच्या लग्नासाठी.

असो. काल गाडीतला प्रसंग आला. रस्ता तुंबलेला, आणि सिनेमातला मेलेली माणसं दिसणारा पोरगा त्याच्या आईला तिच्या गेलेल्या आईचा निरोप सांगतो. माझ्या आईने पदर डोळ्यांना लावला. आजी जाऊन एकवीस वर्षं झाली. मला आजवर हा प्रसंग शेवटाकडे जाताना लागणारा एक थांबा वाटायचा.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर बंद, टीव्ही बंद. गच्चीवर गाद्या टाकल्या. लाईट आली तेव्हा आई झोपलेली.

सकाळी चहा घेताना म्हटलं, “आई, थोडाच राहिलाय. शेवट पाहून घेऊ.”

“मायलेकराचं झालं नं नीट? मंग राहू दे. मले भाजी आणायची आहे.”

पिशवी घेऊन बुधवार बाजारात गेलीसुद्धा. दिवसभर ते एक वाक्य माझ्या जिभेवर आहे. संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती तेव्हा दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.