आधी ओटा

स्वतःची वेबसाइट करतोय म्हटलं की जो तो विचारतो, टेम्पलेट कोणतं घेतलं? मी सांगतो, पांझरेकाठचं. समोरच्याला वाटतं एखादी नवी कंपनी असेल. तो मान डोलावून गप्प बसतो. धुळे जिल्ह्यात, पांझरा नदीच्या काठी, साक्री तालुक्यातलं आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर हेच ते टेम्पलेट, हे समजावायला गेलं की गोष्ट लांबते. इथे लांबवायला हरकत नाही.

घर आणि वेबसाइट यांची सांगड काही मी पहिल्यांदा घालत नाही. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेली जिओसिटीज लोकांना इंटरनेटवर फुकट जागा द्यायची, जागेला मोहल्ल्याचं नाव आणि घर नंबर द्यायची आणि तिथे राहायला येणाऱ्याला ‘होमस्टेडर’ म्हणायची. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेतली सगळी वस्ती उठवली. पुढे २०१४ मध्ये ऑर्कुट ही गप्पागोष्टींची साइट गेली. दुसऱ्याच्या वावरात घर बांधू नये, हे आमच्याकडे कुणीही सांगितलं असतं. म्हणून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतलं. बाकीचं सगळं घराला विचारून.

घरात सगळ्यात महत्त्वाचा ओटा. तो दाराबाहेर असतो, तरी घराचाच असतो. एसटी चुकलेला माणूस, बैल बघायला निघालेला व्यापारी, बांगड्यावाली, उन्हाने जीव कासावीस झालेला कुणीही तिथे टेकायचा. चपला काढायला कुणी सांगत नसे. आधी पाण्याचा तांब्या यायचा, घोटभर पाणी पोटात गेलं की मग मोठी माय विचारायची, “कोना गावना शे रे भो?” हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आताच्या वेबसाइटवर पाय ठेवायच्या आत कुकीजना संमती द्या, ईमेल द्या, ॲप उतरवून घ्या, नोटिफिकेशन चालू करा! ओट्यावर टेकायच्या आधी सातबारा मागितल्यासारखं. माझ्या पहिल्या पानावर तसलं काही नाही. अलीकडे लिहिलेलं, साध्या ठळक अक्षरात, एवढंच. किती जण आले ते मोजणारं यंत्रही बसवलेलं नाही. ओट्यावर किती जण बसून गेले याची वही आमच्या घरात कधी नव्हती.

शिवाय ओटा हलका हवा. गावात नेटवर्कची एकच कांडी दिसते तेव्हाही पान उघडलं पाहिजे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, तरी एवढा लेख पंधरा केबीच्या आसपास बसतो. मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज दोन-तीन एमबीचा. मग फोटो कमी केले, आणि काय दिसतं ते लिहून सांगायची सवय लावून घेतली.

ओट्याच्या आत ओसरी. तिथे ओळखीचे बसायचे, हिशेब व्हायचे, सोयरिकी जुळायच्या. माझे लांबलचक, किचकट लेख तिकडे आत ठेवलेत. ज्याला वेळ आहे त्याने यावं. त्याच्याही आत माजघर. अंधारं, गार, कोनाड्याकोनाड्यात काहीतरी ठेवलेलं. प्रोग्रॅमर मित्र म्हणाला, घरच्यांचे फोटो, पोरांचे वाढदिवस यासाठी पासवर्डवालं पान करून देतो. पण माजघराला कुलूप कधी नव्हतंच. पाहुणाच उंबऱ्याशी थबकायचा. तो संकोच इंटरनेटला नाही, म्हणून माझ्या वेबसाइटला माजघरच नाही. ते घरीच बरं.

आता धाबं. सागाच्या सरांवर, म्हणजे तुळयांवर, किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी खारी माती. उन्हाळ्यात त्यावर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळायच्या आणि रात्री आम्ही झोपायचो. पण मृग लागायच्या आत दरवर्षी नवी माती पडलीच पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात घरभर पातेली मांडून बसा. एकदा बांधलं आणि विसरलो, असं घर तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. स्लॅब आल्यावर ही अपेक्षा आली, आणि वेबसाइटवालेही स्लॅबच्याच भाषेत बोलतात. प्रत्यक्षात डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, लिंका मरतात. मी ही डागडुजी श्रावणात करतो, कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या सणाआधीच्या आठवड्यात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, पांगलेली भाऊबंदकी गावी जमते, त्याआधी घर झाडून, सारवून, रंगवून घेतात. त्याच आठवड्यात मी मेलेल्या लिंका काढतो.

लिंकांचं एक पान मात्र मुद्दाम ठेवलंय, आवडलेल्या दुसऱ्यांच्या वेबसाइटींचं. पांझरेवर फडाची बागाईत जुनी आहे. फड म्हणजे एका पाटाखालच्या अनेकांच्या शेतांचा गट: एका फडात एकच पीक, पाटकरी पाळीपाळीने पाणी सोडणार, आणि पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. पाणी आपल्याच वाफ्यात अडवून ठेवणाऱ्याला तिथे मान नाही. वाचकाचंही तसंच.

मेनू वाकडातिकडा झालाय, ते मला ठाऊक आहे. घरही तसंच होतं. काकांचं लग्न ठरलं तेव्हा गोठ्याची भिंत सरकवून एक खोली निघाली, तिचं दार शेवटपर्यंत भलत्याच बाजूला राहिलं. मोठ्या मायच्या तोंडचं अहिराणी लिहून ठेवायचं ठरलं तेव्हा तशीच एक खोली काढली. आयएसओ या जगभरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या भाषांच्या यादीत अहिराणीला स्वतःचा तीन अक्षरी कोड आहे, एएचआर. तो पानाच्या कोडमध्ये घातला. त्याने ब्राउझर काही वेगळं करत नाही. मला मात्र दारावर पाटी लावल्यासारखं बरं वाटलं.

गावातल्या जिभाऊंना सगळं मोबाइलवर दाखवलं. त्यांनी अंगठ्याने वर-खाली केलं, चष्मा कपाळावर सरकवला. “कांदाना भाव कोठे शे?”

म्हटलं, जिभाऊ, ते बाजार समितीचं काम.

“मंग तुना ओटावर कोन येई रे भो?”

आता पहिल्या पानावर सगळ्यात वर पिंपळनेर बाजाराचा कांद्याचा भाव असतो. लिलाव असेल त्या दिवशी जिभाऊ फोनवर सांगतात, आणि टाकायला उशीर झाला तर दुपारी त्यांचा दुसरा फोन येतो.