पोटॅशियम २.६ आणि खडूच्या डबीतली काडी

रिपोर्ट हातात देताना लॅबमधल्या मुलीनं विचारलं, "बाई, चालत आलात?" पोटॅशियम २.६ होतं. साडेतीनच्या खाली जायला नको, असं सांगून तिनंच खाली येऊन रिक्षा थांबवून दिली.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत शिकवते. वर्गात साठ पोरं आणि खिडकीपलीकडं यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. घसा बसणारच. दोन वर्षांपूर्वी सहकारी बाईंनी ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली आणि आवाज खरंच सुटला. तेव्हापासून मधल्या मारुतीजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून महिन्याचा पुडा ठरलेला. दिवसात तीन-चार काड्या आणि रात्री मधातून चमचाभर पूड. काड्या खडूच्या रिकाम्या डबीत ठेवायची, पोरांना वाटायचं बाई खडू खातात.

एप्रिलात पायात गोळे यायला लागले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर मांड्या भरून यायच्या. सोलापूरचा उन्हाळा, पारा ४३-४४, त्यामुळं सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं, मीसुद्धा. पण बीपी १७२/१०४, तेही तीन गोळ्या चालू असताना! "खारट बंद करा की ओ," हे म्हणाले आणि घरातून लोणचं, पापड, शेंगाचटणी हद्दपार झाली. कडक भाकरी ताकात बुडवून खायची म्हणजे शिक्षाच. बीपी मात्र तसूभर हललं नाही.

आधी संशय बीपीच्या त्या तीन गोळ्यांतल्या लघवीच्या गोळीवर गेला. त्या गोळीनं पोटॅशियम उतरतं, हे खरंच आहे. ती बंद केली, पोटॅशियमचं कडूशार सिरप सुरू झालं. सिरप आहे तोवर आकडा वर, थांबवलं की परत खाली. मग हार्मोनच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी मिळाली. तिथं इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदयाची भिंत थोडी जाड दिसली.

त्यांनी अल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन, आणि त्याला चालना देणारं मूत्रपिंडातलं रेनिन तपासायला सांगितलं. लघवीची गोळी थांबवून चार आठवडे व्हायला हवेत, पोटॅशियम आधी भरून काढायचं, सकाळी उठून दोन तास वावरायचं, मग पंधरा मिनिटं बसून रक्त द्यायचं. नमुना मुंबईला जाणार. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीला गाठ असली की अल्डोस्टेरॉन जास्त होतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. १९५५ साली अमेरिकेत जेरोम कॉन यांनी हा आजार मांडला, असं डॉक्टरांनी समजावलं. मी मनातल्या मनात ऑपरेशनची रजासुद्धा टाकून बसले होते.

रिपोर्ट आला तर रेनिनही कमी, अल्डोस्टेरॉनही कमी. म्हणजे गाठ नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, घशासाठी काही घेता?"

मी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक डॉक्टरांनी "दुसरं काही औषध?" विचारलं होतं आणि मी दरवेळी "नाही" म्हटलं होतं. खोटं बोलत नव्हते. ज्येष्ठमधाला औषध कोण म्हणतं आमच्यात? बडीशेपेसारखंच ते.

नेमकं काय झालं ते भाच्यानं सांगितलं. तो फार्मसीला आहे. म्हणाला, "मावशी, समज ही हुतात्मा एक्सप्रेस आहे." मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनसाठी राखीव सीट असते, तिला रिसेप्टर म्हणतात. पण कॉर्टिसॉल हा दुसरा हार्मोनही त्याच सीटवर तितकाच चपखल बसतो आणि रक्तात त्याची गर्दी शेकडो पटींनी जास्त. म्हणून तिथं एक टीसी उभा असतो, एक एन्झाइम. तो कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करतो आणि कॉर्टिसोनला ती सीट बसत नाही. ज्येष्ठमधातला गोडवा या टीसीला झोपवतो. मग कॉर्टिसॉल सीट बळकावतं, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. मीठ-पाणी आधीच भरपूर, म्हणून शरीर रेनिन आणि खरं अल्डोस्टेरॉन कमी सोडतं, रिपोर्टमध्ये दोन्ही कमी.

नवं काही नाही हे. १९४६ साली रेव्हर्स या डच डॉक्टरांनी पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तर काही रुग्णांच्या अंगावर सूज यायला लागली. तेव्हा अल्डोस्टेरॉन सापडलंही नव्हतं. ते १९५३ चं. आणि ही सीट ज्याच्यावरून बनते ते जनुक १९८७ साली हाती लागलं.

मला जास्त धडकी भरली ती पुढच्या गोष्टीनं. अशाच सीटा हृदयाच्या स्नायूत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही असतात. त्या सतत भरलेल्या राहिल्या की तिथं तंतू वाढून भिंत ताठ होत जाते. माझी जाड भिंत नुसत्या बीपीनं झाली की यानंही, ते डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, आणि ते मला आवडलं.

काडी त्याच दिवशी बंद. काही आठवडे स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम दिलं. ही गोळी सीटवर रुमाल टाकून जागा अडवते, स्वतः काही करत नाही. १९९९ साली हार्ट फेल्युअरच्या १,६६३ रुग्णांवरच्या चाचणीत हीच गोळी जोडल्यानं मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी दिसला होता. यात पोटॅशियम उलट वर चढू शकतं, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त. दंडाची चाळण झाली.

लगेच काही झालं नाही. टीसीला जाग यायला वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यात पायातले गोळे गेले, सहाव्या आठवड्यात सिरप सुटलं. आता एका गोळीवर १२८/८० आहे. शेंगाचटणी परत आली, पण चमच्यानं मोजून.

दुकानदार अजून विचारतात, "बाई, नेहमीचा पुडा?" मी खडीसाखर घेते.

माग काही थांबत नाहीत. कमरेला लावायचा छोटा माईक घेतला, पहिल्याच दिवशी शेवटच्या बाकावरनं आवाज आला, "गिरणीचा भोंगा झाला!"