पाठमोरा

२२ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार. संध्याकाळी साडेसातला आमचे वृत्तसंपादक केबिनमधून बाहेर आले आणि माझ्या टेबलाशी थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "मंडप झाला का?"

उद्याच्या व्यंगचित्रातला मंडप झाला होता. तोरण झालं होतं, सनईवाला झाला होता. नवरदेव उद्धव ठाकरे मुंडावळ्या बांधून पाटावर उभे होते. समोर अंतरपाट आणि त्याच्या पलीकडे शालू नेसलेली नवरी, म्हणजे मुख्यमंत्र्यांची खुर्ची. भटजी शरद पवार. काँग्रेस करवली, तिचा एक कान फोनला लावलेला, दिल्लीहून होकार येईतोवर अक्षता टाकायच्या नाहीत म्हणून. भटजींच्या तोंडी ओळ होती, "आता फक्त 'सावधान' म्हणायचं राहिलंय!"

त्या दिवशी मुंबईत वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये तिन्ही पक्षांची बैठक झाली होती आणि नेतृत्व उद्धव यांनीच करावं यावर एकमत झाल्याचं पवारांनी बाहेर येऊन सांगितलं होतं. २४ ऑक्टोबरच्या निकालापासून महिनाभर मी हेच काढत होतो: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. एवढी बेरीज-वजाबाकी मी शाळेतही केली नव्हती. खुर्चीची चित्रं तर इतकी झाली होती की सुतारकाम शिकून झालं म्हणायला हरकत नाही. एकदाचं लग्न लागतंय म्हटल्यावर सुटकेचा श्वास पहिल्यांदा मीच टाकला असेल.

पण चित्रात उजव्या बाजूला घोटाळा होता. पुढच्या रांगेत अक्षता घेऊन उभे असलेले अजित पवार जमत नव्हते.

अर्कचित्रात प्रत्येक चेहऱ्याला एक किल्ली असते. ती सापडली की माणूस चार रेषांत उभा राहतो. उद्धव म्हणजे चष्मा आणि त्यामागचे शांत डोळे. तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी म्हणजे काळी टोपी. खाली काहीही काढा, लोक ओळखतात. फडणवीस जाकिटापासून सुरू करावेत. शरद पवारांच्या बाबतीत मी एक पथ्य पाळत आलोय. आजारपणाने आणि शस्त्रक्रियेने त्यांच्या चेहऱ्यावर जे ठेवलं ते मी ताणत नाही, त्याआधीचं त्यांचं मिश्कील हसू धरतो. हे बरोबर की चूक यावर आमच्यात वाद होतात. काही मित्र म्हणतात, चेहरा जसा आहे तसा काढ, दया दाखवणारा तू कोण? मला ते जमत नाही, एवढंच.

अजितदादांची किल्ली मात्र मला मिळाली नव्हती. चेहरा नीटस, केस नीट बसवलेले, पांढरे कपडे कडक. ताणायचं काय? त्यांचं सगळं वैशिष्ट्य बोलण्यात आणि चालण्यात, आणि आमच्या चित्रातला माणूस तर जागचा हलत नाही. पहिल्या खेपेला ते कुठल्याशा साखर कारखान्याचे अध्यक्ष दिसले. ब्लेडने खरवडून दुसऱ्यांदा काढलं, तेव्हा आमचे शेजारी दिसले. तिसऱ्यांदा कागदाची लव वर आली आणि शाई फुटली. मी अजून कागदावरच काढतो, निब आणि काळी शाई. टॅब्लेट घेऊन दिलाय ऑफिसने, पण तो मी जेवणाच्या डब्याखाली ठेवतो. टॅब्लेटवर असतो तर एका टिचकीत मागे गेलो असतो आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

घड्याळात सव्वाआठ. डाक आवृत्ती दहाला सुटते. सातारा, सांगली, कोकणात उतरणारे गठ्ठे त्या गाडीत असतात आणि गाडी कुणासाठी थांबत नाही. मी पांढरा पोस्टर कलर घेतला, त्या चेहऱ्यावर दोन हात मारले आणि वाळल्यावर तिथेच माणूस पाठमोरा काढला.

आता पुढच्या रांगेत पाठ करून उभा असलेला पाहुणा विचित्र दिसतो. म्हणून आणखी दोन रेषा ओढून त्याला मंडपाच्या कडेला आणलं. कडेला आहे तर काहीतरी करत असायला हवा. लग्नात एक तरी असतोच, जेवायला न थांबता चपला शोधणारा. एक पाय चपलेत घातला. पाठमोरा ओळखणार कसा? मनगटावर मोठ्ठं घड्याळ दिलं आणि त्याला त्यात बघायला लावलं. पक्षाचं चिन्हही झालं, उजवी बाजू भरलीसुद्धा.

वृत्तसंपादकांनी चित्र हातात धरलं. "हा कोण?"

"दादा."

"नाव टाक."

"नाव टाकलं की मजा जाते, सर."

खरं तर नाव टाकायला जागा उरली नव्हती. चित्र स्कॅन झालं, पानात बसलं. शहर आवृत्ती सुटेपर्यंत थांबलो, बाहेर चहा घेतला, दीडला घरी येऊन झोपलो.

सकाळी बायकोने हलवलं. "अहो, उठा. फडणवीसांनी शपथ घेतली."

मी म्हटलं, जुनं दाखवत असतील, २०१४ चं. कूस बदलली. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. राजभवन, काळी टोपी, फडणवीस, आणि त्यांच्यानंतर शपथ घेणारे अजित पवार. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली होती आणि आठच्या सुमाराला शपथा उरकल्या होत्या. दारात आमचा अंक पडला होता. पहिल्या पानावर उद्धव मुख्यमंत्री होणार म्हणून मथळा, महाराष्ट्रातल्या बहुतेक पेपरांचा होता तसाच. खाली माझा मंडप.

पोटात गोळा आला. पंचवीस वर्षांत चुका पुष्कळ झाल्या, पण वाचकाच्या हातात चहाचा कप असतानाच चित्र शिळं झालेलं पहिल्यांदा पाहत होतो. फोन बंद करावा असं वाटलं तेवढ्यात तो वाजला. आमचा कोपऱ्यावरचा पेपरवाला.

"काय ओ, तुम्हाला कोण सांगिटलं हे?"

"काय?"

"दादा निघालं म्हणून! चप्पल घालून, घड्याळ बघत! बिंदू चौकात लोकं अंक मागून मागून न्याय लागलीत."

मी अंक उचलून चित्र पुन्हा पाहिलं. नवरदेव पाटावर, भटजी म्हणतायत 'सावधान', आणि मंडपाच्या कडेने एक पाठमोरा माणूस, एक पाय चपलेत, घड्याळासकट बाहेर चाललेला. सावधान ऐकून बोहल्यावरून पळालेल्या रामदासांची गोष्ट ज्या मुलखात पोरासोरांना माहीत आहे, तिथे याचा अर्थ लावायला कुणाची मदत लागत नव्हती.

दुपारपर्यंत साठेक फोन झाले असतील. चित्र सगळ्या ग्रुपांवर फिरत होतं, कुणीतरी पाठमोऱ्याभोवती लाल गोल काढला होता. एक कार्यकर्ता गोड आवाजात विचारत होता, "दादा, सोर्स कोण? आपल्यातच राहील." दुसरा ओरडत होता, साहेबांच्या घरात आग लावताय म्हणून. एका निवृत्त प्राचार्यांनी मला द्रष्टा म्हटलं. मी प्रत्येकाला खरं सांगायला सुरुवात करायचो, की सर, अहो, चेहरा जमत नव्हता. प्रत्येक जण हसायचा. विनय समजायचे.

संपादकांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "अरे, मला तरी सांग. रात्री कुणाचा फोन आला होता?"

त्यांना सगळं सांगितलं. ब्लेड, लव, पोस्टर कलर. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग चष्मा काढून बराच वेळ हसले. "हे बाहेर बोलू नकोस," म्हणाले. रविवारच्या अंकात तेच चित्र पुन्हा छापायचं ठरलं, वर ओळ: 'आम्ही कालच सांगितलं होतं!' मी विरोध केला, पण अगदीच बारीक आवाजात. त्या वर्षी जूनमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतली राजकीय व्यंगचित्रं बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं आणि तेव्हापासून आमच्याकडेही मीटिंगमध्ये कुणीतरी अधूनमधून माझ्या चौकटीची सेंटिमीटरं मोजायचं. मला नोकरी हवी होती.

शिवाय रविवारसाठी नवं चित्र द्यायचं होतं, आणि तिथे माझी खरी फजिती होती. पूर्वी घटना आणि विनोद यांच्यामध्ये एक रात्र असायची, ती आमची. त्या शनिवारी दहा वाजेपर्यंत कोंबडा, गजराचं घड्याळ, दूधवाला, दात घासता घासता शपथ, सगळे विनोद फुकटात वाटून झाले होते. माझी सवय अशी की पहिल्या तीन कल्पना टाकायच्या, कारण त्या सगळ्यांनाच सुचतात. त्या दिवशी पहिल्या तीस टाकाव्या लागल्या. डोक्यात सारखं अबू अब्राहम यांचं डिसेंबर १९७५ चं चित्र येत होतं. राष्ट्रपती न्हाणीघरातल्या टबात बसलेत, तिथूनच अध्यादेशावर सही करून कागद दाराबाहेर देतायत आणि आणखी असतील तर थांबायला सांगा म्हणतायत. आणीबाणीत 'इंडियन एक्स्प्रेस'ने ते छापलं होतं. चव्वेचाळीस वर्षांनी पहाटेच्या सहीवर त्याच्यापुढे जाऊन काय काढणार? शेवटी राजभवनाच्या फाटकाशी पेपर टाकणारा पोरगा काढला, हातात आमचाच अंक, आणि पहारेकरी त्याला म्हणतोय, "उद्या ये, आजचा शिळा झालाय." मला अजून ते चित्र आवडतं. त्यावर एकही फोन आला नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मंगळवारी, २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याच दुपारी आधी दादांचा, मग फडणवीसांचा राजीनामा. पेपरवाल्याचा फोन: "आता चप्पल काढाय लावा दादांना." मी तोच मंडप परत काढला, फक्त कडेच्या चपला आत तोंड करून ठेवल्या. माणूस काढलाच नाही. तोपर्यंत शहाणा झालो होतो.

२८ तारखेला शिवाजी पार्कवर उद्धव यांचा शपथविधी झाला. डेस्कवरचे सगळे टीव्हीला चिकटले होते आणि मला आपलं भलतंच वाटत होतं. बाळासाहेब 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रं काढायचे, लक्ष्मणही काही काळ तिथेच होते. पुढे एक नोकरी सोडून 'मार्मिक' काढून बसला आणि त्यातून पक्ष झाला. दुसऱ्याने आयुष्यभर चौकटीचा जाकिटवाला कॉमन मॅन उभा केला, जो एक शब्द बोलत नाही. आमच्या धंद्यातल्या एकाचा मुलगा राज्याचा मुख्यमंत्री होतोय, आणि मी त्याचा चष्मा सरळ आलाय का बघतोय. कुणाला बोलून दाखवलं नाही. चहा घेतला आणि चित्र दिलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने घड्याळ अजितदादांच्या गटाला दिलं त्या संध्याकाळी लाल गोलवालं चित्र पुन्हा फिरायला लागलं. या खेपेला गोल मनगटाभोवती होता. मी फोन उचलला नाही.

मूळ चित्र विकत मागणारे तिघे-चौघे येऊन गेले. एकाने तर फ्रेमचं मापही सांगितलं होतं. दिलं नाही, कारण खिडकीशी धरलं की पांढऱ्या रंगामागचे तिन्ही फसलेले चेहरे एकात एक दिसतात. फाइलमध्ये ठेवलं होतं. कोल्हापूरच्या पावसाने तिथेही ओल धरली. परवा काढून बघितलं तर पाठमोऱ्याच्या डोक्यावरून पोस्टर कलरचा एक पापुद्रा निघालाय आणि खालचा डावा कान वर आलाय.

कान मात्र जमला होता.